पस्तीस मिनिटांचे दाजी

माझ्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकही जागा पूर्ण पाहिलेली नाही, एकही लग्न अक्षता पडेपर्यंत बसून काढलेलं नाही आणि कितीही जवळचा माणूस असो, त्याचं पस्तीस मिनिटांपेक्षा जास्त ऐकून घेतलेलं नाही. हे मी रागाने म्हणत नाही. आमच्या नात्यागोत्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे. एखाद्या घराची चौकट ठेंगणी असली की माणूस बोलता बोलता वाकून आत जातो, तसे आम्ही सगळे त्यांच्याशी वागतो. त्यांच्याकडे कुणाला महत्त्वाचं बोलायचं असेल तर तो पहिल्या वीस मिनिटांत बोलून घेतो. विसाव्या मिनिटानंतर त्यांची नजर दाराकडे जायला लागते, तिसाव्याला पाय चपला चाचपडू लागतात, आणि पस्तिसाव्याला ते उठून उभे राहतात. घड्याळ ते वापरत नाहीत. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ त्यांनी पहिल्याच आठवड्यात डबीत ठेवून दिलं, कारण म्हणे ते मागे पडत होतं. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते मला पाव्हनं म्हणतात. आमची ओळख सत्तावीस वर्षांची आहे, आणि एवढ्या वर्षांत आम्ही एकमेकांशी सलग किती बोललो हे विचाराल तर उत्तर वर येऊन गेलंच आहे.

याला कारण आहे. दाजी एकतीस वर्षं देवळाली प्रवरेच्या बाजूच्या एका हायस्कुलात शिपाई होते आणि घंटा देणं हे त्यांचं काम होतं. पाणी भरायला, फळे पुसायला, कागद फिरवायला दुसरे होते. घंटा मात्र दाजींची. व्हरांड्याच्या आढ्याला साखळीने टांगलेली पितळेची जाड थाळी आणि दाजींच्या हातात लाकडी हातोडा. दर पस्तीस मिनिटांनी एक तास संपायचा, चार तासांनंतर मधली सुट्टी, आठव्या तासानंतर शाळा सुटल्याची लांबलचक घंटा. हेडमास्तर आले आणि गेले, शाळेची कौलं जाऊन पत्रे आले आणि पत्रे जाऊन स्लॅब आला, पण घंटा एका मिनिटाने चुकली नाही. दाजींना एकदा भर पावसाळ्यात ताप भरला होता, तेव्हा त्यांनी म्हणे अंथरुणातूनच ताटावर चमचा मारून सगळे तास घेतले. शेवटच्या वर्षी शाळेत विजेची घंटा बसली. दाजी तिला घंटा म्हणत नाहीत, भोंगा म्हणतात. निवृत्तीच्या समारंभात त्यांना शाल, श्रीफळ आणि ती जुनी पितळी थाळी मिळाली. ती आता त्यांच्या घराच्या पडवीत टांगलेली आहे, आणि हातोडा त्यांच्या कापडी पिशवीत असतो. ती पिशवी घेतल्याशिवाय ते उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाहीत. पिशवीत हातोडा कशाला, असं मी एकदा विचारलं. "मोकळा हात बरा दिसत न्हाई, पाव्हनं," म्हणाले.

त्यांचं शिक्षणही या घंटेमुळेच झालेलं आहे. घंटा द्यायला व्हरांड्यातून जाताना प्रत्येक वर्गातलं तासाचं शेवटचं वाक्य त्यांच्या कानावर पडायचं. त्यामुळे त्यांना प्रत्येक धड्याचा शेवट माहीत आहे, सुरुवात एकाचीही नाही. कुठलं राज्य कसं बुडालं हे ते छातीठोकपणे सांगतात, ते उभं कसं राहिलं याची त्यांना कल्पना नाही. कुठल्याही गणिताचं उत्तर शून्य किंवा एक असतं, असं त्यांचं ठाम मत आहे. इतिहासाच्या मास्तरांकडून त्यांनी एकच वाक्य एकतीस वेळा ऐकलं, की नगर ही एके काळी निजामशाहीची राजधानी होती. तेव्हापासून दाजी नगरला राजधानीच म्हणतात. गाडीच्या पाटीवर अहिल्यानगर असतं, लोकांच्या तोंडी नगर असतं, आणि दाजी कंडक्टरला म्हणतात, "दोन राजधानी द्या." एका नव्या कंडक्टरने त्यांना खाली उतरवून समजुतीच्या सुरात सांगितलं होतं, "बाबा, मुंबईची गाडी पलीकडच्या फलाटावर लागती."

त्यांच्या गावातली आज विशीपासून पन्नाशीपर्यंतची सगळी माणसं या घंटेवर वाढली आहेत, आणि त्याचे परिणाम भलत्याच वेळी दिसतात. गेल्या वर्षी गावात एका वजनदार घरातल्या म्हाताऱ्यांचा दहावा होता. आमच्याकडे दहाव्याला आधी महाराजांचं प्रवचन असतं आणि मग पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं, आणि पुढारी जेवढा मोठा तेवढं भाषण मोठं. नदीकाठी मांडव भरलेला, ऊन डोक्यावर चढलेलं. पाहुण्या पुढाऱ्यांनी गेलेल्या माणसाच्या आठवणी भराभर उरकून आगामी निवडणुकीकडे नुकतंच वळण घेतलं होतं, तेवढ्यात दाजी उठले. त्यांनी काहीही केलं नाही, फक्त उठून पायजम्याची माती झटकली. लगेच त्यांच्या मागचे सरपंच उठले. दूध डेअरीवाला उठला, दोन माजी सरपंच उठले, ट्रॅक्टरवाले उठले, अर्धा मांडव आपण का उठलो याचा पत्ता नसताना उभा राहिला आणि एकमेकांकडे बघू लागला. पुढाऱ्यांना वाटलं लोक स्तब्धतेसाठी उभे राहिले. त्यांनीही भाषण तिथेच थांबवून मान खाली घातली. गेलेल्या म्हाताऱ्यांच्या मुलाने नंतर दाजींचे पाय धरले. त्याला वाटलं, दाजींनी हे मुद्दाम केलं.

आता अशा माणसाबरोबर कुठे फिरायला जायचं म्हणजे काय होतं, ते मला विचारा. मी स्वतः बैठकीचा माणूस आहे. नगरला एका कॉलेजच्या ऑफिसात माझी उभी हयात खुर्चीत गेली आणि मला तिच्याबद्दल कृतज्ञताच आहे. सहलीला गेलो तरी आधी मी बसायची जागा बघतो. आणि नशिबाने मला साडू असे मिळाले की ज्यांना फिरायची भयंकर हौस, पण पोहोचलं रे पोहोचलं की परत निघायची त्याहून मोठी हौस. दर पंधरा दिवसांनी ते आणि ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्याकडे राजधानीत येतात. एकदा आम्ही चौघं शहराबाहेरच्या डोंगरावर चांदबिबीच्या महालात गेलो. वरून अख्खं नगर दिसतं, वारा असा सुटतो की डोक्यावरचा पदर राहत नाही. दाजी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात थांबले. "चला, झाला तास." आणखी एकच मजला राहिलाय, असं मी घामाघूम होऊन सांगत होतो. "तो पुढल्या बारीला," म्हणत ते खाली निघालेसुद्धा. हुरड्याचंही तेच. माझ्या मित्राच्या शेतावर पौषातल्या थंडीत आगटी पेटवली होती, कणसं भाजत होती, लसणाची चटणी वाटून तयार होती. पहिली मूठ चोळून हातावर यायला आणि दाजी उठायला एकच गाठ पडली. ते बांधावरून चालत हुरडा खात गाडीपर्यंत गेले आणि तिथून हॉर्न वाजवत राहिले.

साड्यांच्या दुकानात तर आम्ही आता त्यांना आत नेत नाही. ताईंच्या कपाटातल्या सगळ्या साड्या दुकानातल्या ढिगातल्या वरच्या आहेत. दुकानदार चांगला माल खाली ठेवतो, हे जगाला माहीत आहे, पण ताईंना तिथपर्यंत पोहोचताच आलेलं नाही. त्या कधी कुरकुर करत नाहीत. दाजींच्या पायांची चाळवाचाळव सुरू झाली की हातातली साडी खाली ठेवून "हीच द्या" म्हणतात. माझी बायको त्यांच्यावर चिडते. "ताई, तू अशी गप्प बसतेस म्हणून हे असे झालेत." त्यावर ताई हसून सांगतात, "अगं, त्येंच्या अंगात घंटा हाय. ती काय माझ्यावर रागवून वाजती का?"

पण एका गोष्टीसाठी मात्र ताई हटून बसल्या होत्या. हटून म्हणजे तरी काय, वर्षातून एकदा बोलून दाखवायच्या. त्यांचं घर पाटाच्या कडेला आहे. पाट म्हणजे प्रवरेचा कालवा. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्यांचं धुणं, भांडी, गुरांचं पाणी, दारातली चिंच, सगळं त्या पाटावर. पाटाला पाण्याचं आवर्तन सुटलं की गावात आनंद, बंद झालं की सगळे वरच्या दिशेला बघत बसतात. हे पाणी भंडारदऱ्याच्या धरणातून येतं, एवढंच ताईंना माहीत. "चाळीस वरसं ज्याच्यावर संसार केला ते पानी न्येमकं ऱ्हातं कुठं, ते एकदा बघायचंय," असं त्या म्हणायच्या. "आन उभ्या उभ्या न्हाई. काठाला बसून. मी उठंस्तोवर कुनी उठ म्हनायचं न्हाई." भंडारदरा आमच्याच जिल्ह्यात, अकोले गावाच्या पुढे डोंगरात. पुण्या-मुंबईचे लोक तिथे जाऊन तंबू ठोकून राहतात. दाजी आणि ताई तीनदा निघाले आणि एकदाही पोहोचले नाहीत.

पहिल्या खेपेला संगमनेरला गाडी बदलायची होती आणि पुढच्या गाडीला वेळ होता. शेजारच्या फलाटावर एक गाडी इंजिन चालू करून घरघरत उभी होती. निघायच्या तयारीतली गाडी दिसली की दाजींना दम निघत नाही. "ही सुटली, चला," म्हणून ते चढले, आणि ताईंना वाटलं हीच आपली. तासाभराने खिडकीतून ओळखीचा ऊस दिसायला लागला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण घरी चाललोय. दुसऱ्या खेपेला आम्ही दोघंही बरोबर होतो. त्या वेळी आमची चूक एवढीच झाली की आम्ही शनिवारी निघालो. अकोल्याला पोहोचेपर्यंत दाजींचे चार तास भरले. स्टँडवर गरम भजी खाल्ली, चहा घेतला, मी पुढच्या गाडीची चौकशी करून आलो तर दाजी परतीच्या गाडीत खिडकीची जागा धरून बसलेले. "दाजी, अजून भंडारदरा यायचाय!" ते म्हणाले, "पाव्हनं, आज शनवार. शनवारची शाळा अर्धीच असती." आम्हीही चढलो. गाडी सुटलीच. तिसऱ्या खेपेला दोघंच राजूरपर्यंत पोहोचले होते. तिथून पुढे जीप. जीप भरल्याशिवाय निघत नाही, आणि दाजी आत बसून राहत नाहीत. एक माणूस चढला की दाजी पाय मोकळे करायला उतरायचे. ड्रायव्हर डोकी मोजायचा, एक कमी. दाजी आले की दुसरा कुणी पान खायला उतरायचा. शेवटी ड्रायव्हरच कंटाळून जेवायला घरी गेला, आणि दाजी-ताई मागे फिरले. भंडारदरा तिथून जेमतेम अर्ध्या तासावर होता. ताई घरी येऊन एवढंच म्हणाल्या, "पुढल्या बारीला."

पण पुढल्या बारीची खात्री आता राहिली नव्हती. गेल्या उन्हाळ्यात ताई आमच्याकडे आल्या असताना दोनदा दाराच्या फळीवर त्यांचा खांदा आपटला. बाजूला ठेवलेला चहाचा कप त्यांच्या हाताने उलथला. बायकोने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, की नजरेच्या कडा मिटत चालल्या आहेत. गेली ती नजर परत येणार नाही. औषधाचे थेंब रोज घालून आहे ती जितकी टिकेल तितकी टिकवायची. दाजी हे ऐकायला आत आलेच नाहीत. दवाखान्याच्या बाहेरच्या रस्त्यावर ते या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होते, पिशवी एकदा या हातात, एकदा त्या हातात. मी त्यांना सगळं सांगितलं. ऐकून ते म्हणाले, "मंजी समोरचं दिसंल?" मी म्हटलं, समोरचं दिसेल, अजून काही वर्षं दिसेल. "बरं," म्हणाले, आणि परत चालायला लागले.

त्या दिवशी दुपारी ताई आमच्या स्वयंपाकघरात बायकोला म्हणाल्या, "औंदा धरन भरलं की मला न्ये. समोरचं दिसतंय तवर बघून घेती. आन एक सांगू का? ह्येंना घरी ठिवू. आपन तिघंच जाऊ." त्या हे अगदी हळू बोलल्या होत्या, पण दाजी नेमके पाणी प्यायला दारात आले होते. मी बाहेरच्या खोलीतून त्यांना पाहिलं. एकतीस वर्षं ज्यांनी प्रत्येक वर्गाचं शेवटचं वाक्य व्हरांड्यातून ऐकलं, त्यांनी हेही तसंच ऐकलं. पाणी न पिताच ते मागे फिरले आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. मग म्हणाले, "पाव्हनं, तुमची गाडी किती मान्सांची?" मी म्हटलं, पाच. "मंग मी मावन की." मला त्यांची थट्टा करायचा मोह झाला होता. केली नाही. मी म्हटलं, मावाल, पण ताईंची अट ठाऊक आहे ना? "ठावं हाय," म्हणाले. "मी घंटा देनार न्हाई."

गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात आम्ही निघालो. वार मुद्दाम बुधवार धरला. दाजी माझ्या शेजारी पुढच्या सीटवर, दोघी बहिणी मागे. त्या प्रवासाचं वर्णन मी करत नाही. एवढंच सांगतो, की शेजारच्या सीटवर उकळतं पातेलं मांडीवर घेऊन कुणी बसलं असतं तरी मला कमी भीती वाटली असती. लोणीच्या पुढे त्यांनी काच खाली-वर करायला घेतली, संगमनेरला सीटचा पट्टा अकरा वेळा काढला आणि लावला, अकोल्यात स्टँडवर उभी असलेली परतीची गाडी दिसल्यावर डोळे मिटून घेतले. प्रत्येक पस्तीस मिनिटांनी त्यांचा उजवा हात आपोआप वर उचलला जायचा आणि ते डाव्या हाताने तो खाली दाबायचे. ताईंना मागून यातलं काही दिसत नव्हतं. राजूर मागे पडलं, भाताची खाचरं सुरू झाली, आणि दाजींच्या आयुष्यात पहिल्यांदाच ते राजूरच्या पुढे गेले.

धरण काठोकाठ भरलं होतं. आम्ही गर्दी टाळून शेंडी गावाच्या अलीकडे पाण्याच्या काठाला एक सपाट खडक बघितला. ताई बसल्या. त्यांच्या डाव्या हाताला दाजी बसले. आम्ही दोघं थोडं मागे. समोर नुसतं पाणी, आणि पाण्याच्या पलीकडे ढगात शिरलेले डोंगर. ताईंनी बघितलं. पदराने तोंड पुसलं, पुन्हा बघितलं. मग म्हणाल्या, "लई मोठं हाय हो. मला वाटलं, आपल्या हिरीच्या धा-वीसपट आसंल." थोड्या वेळाने विचारलं, "कडंला काय हाय? मला ह्ये मधलंच दिसतंय."

आणि मग मी जे पाहिलं ते पाहिलं नसतं, तर कुणी सांगून मला पटलं नसतं. दाजींची नजर कधी एका जागी ठरत नाही, हे मी सत्तावीस वर्षं बघत आलो होतो. ती नजर आता कामाला लागली. "डावीकडं एक होडी हाय. दोघं हायेत तिच्यात. एक उभा ऱ्हातोय, बस म्हनावं मुडद्या, पडशील. तिच्या मागं बगळे हायेत, चार. न्हाई, पाच. एक आत्ता आला. उजवीकडं झाडं पान्यात हुबी हायेत, गुडघ्याएवढ्या पान्यात. त्येच्या वर रस्ता, रस्त्यावर पिवळी गाडी, त्यातून लोक उतरायलेत फोटू काढायला." ताई समोर बघत होत्या आणि मान हलवत होत्या. जे त्यांना दिसत होतं ते त्या बघत होत्या, जे दिसत नव्हतं ते ऐकत होत्या. एवढी वर्षं या माणसाची नजर इकडून तिकडे धावते म्हणून आम्ही हसलो. आज ती नजर नसती तर ताईंना अर्धंच धरण मिळालं असतं.

मी घड्याळाकडे बघत होतो, ही माझीच नालायकी. पस्तिसावं मिनिट आलं. दाजींचं बोलणं तुटलं. त्यांचे पाय चपलांकडे गेले, हात गुडघ्यांवर टेकले आणि ते उठले. अर्धे उठले. ते ताईंच्या डाव्या बाजूला होते, म्हणजे ताईंना ते दिसतच नव्हते. आवाज थांबला, एवढंच त्यांना कळलं. त्यांनी समोर बघतच डावा हात बाजूला चाचपला. हात खडकावर पडला. "हायसा न्हवं तुमी?" त्यांनी विचारलं.

दाजी तसेच अर्धवट वाकून राहिले. मग खाली बसले. "हाय की. जातो कुठं?" म्हणाले. आणि जरा थांबून, "आज जोडतास हाय." ज्यांच्या शाळेत चित्रकला होती त्यांना आठवत असेल. चित्रकलेला दोन तास जोडून असायचे, आणि मधली घंटा बाकीच्या वर्गांसाठी वाजायची, आपण रंगवत बसायचो. माझ्या बायकोने तोंड फिरवलं.

जोडतासही संपला. त्यानंतरचा संपला. मी, बैठकीचा माणूस, कंबर धरून दोनदा उठून आलो. दाजी बसून होते. बगळे उडाले ते त्यांनी सांगितलं, होडी काठाला लागली ते सांगितलं, डोंगरावरचा ढग खाली आला ते ताईंनीच त्यांना दाखवलं. पलीकडे ऊन कलायला लागलं तेव्हा ताई म्हणाल्या, "चला. द्या आता घंटा." दाजींनी पिशवीतून हातोडा काढला. थाळी तर घरी पडवीत. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, आमच्या जेवणाच्या डब्याचं स्टीलचं झाकण डाव्या हातात उंच धरलं आणि शाळा सुटल्याची लांबलचक घंटा दिली. तो आवाज पाण्यावरून पार पलीकडे गेला. दूर मक्याची कणसं खात बसलेले दोन-तीन जण उगाचच उठून उभे राहिले. बहुधा दाजींच्या गावाकडचे असावेत.

याला आता वर्ष होत आलं. ताईंच्या समोरच्या नजरेच्या कडाही थोड्या आत आल्या आहेत. दाजी आता आमच्याकडे फारसे येत नाहीत, आम्हीच जातो. दोघं पडवीत बसलेली असतात. पाटाला पाणी असलं तर दाजी पाण्याचं सांगतात, नसलं तर रस्त्याचं. कोण गेलं, सायकलवर काय बांधलं होतं, कुणाची म्हैस कुणाच्या बांधावर चढली. ताई हूं म्हणतात, मध्येच त्यांना दुरुस्त करतात. वर थाळी टांगलेली असते, हातोडा खुंटीला असतो. थाळीवर धूळ बसली आहे. अर्धा-पाऊण तास झाला की मला सवयीने वाटतं, आता हे उठणार, आणि मीच उठून चपला घालायला लागतो. तेव्हा दाजी वर बघून म्हणतात, "बसा की, पाव्हनं. कसली घाई हाय?" मी बसतो. बसायला मला कधी जड गेलं नाही, पण तिथे जातं. सत्तावीस वर्षं ज्या माणसाने मला कुठे धड बसू दिलं नाही, त्याने आज एकदा तरी उठावं, पायजमा झटकावा आणि "चला, झाला तास" म्हणावं, असं मला फार वाटतं.